जोडीदाराचा कुत्रा गुरगुरतो तेव्हा

या वेळी निवडलेल्या सगळ्या पत्रांत कुत्रा घरात आधी आला आहे आणि पत्र लिहिणारा माणूस नंतर. ओळख किती अंतरावरून करायची आणि जवळ कधी यायचं, हे अशा वेळी कुत्र्याला ठरवू द्यावं लागतं. खालची उत्तरं वेगवेगळी असली तरी सगळी याच मुद्द्यावर उभी आहेत.

प्रश्न : मैत्रिणीकडे चार वर्षांचा गावठी कुत्रा आहे, पिल्लू असताना रस्त्यावरून आणलेला. मी गेलो की दारातच भुंकतो. बसलो की दहा मिनिटांनी शांत होतो, उभा राहिलो की पुन्हा सुरू. बिस्किट दिलं तर हातातून घेतो आणि मागे सरकून परत भुंकतो. बिस्किट खातो, म्हणजे ओळख झाली ना? मग असं का? (ठाणे)

ओळख अजून झालेली नाही. बिस्किटाचा मोह भीतीपेक्षा मोठा ठरतो, म्हणून तो जवळ येतो. बिस्किट संपलं की त्याच्या लक्षात येतं की आपण एका अनोळखी माणसाच्या अगदी पुढ्यात उभे आहोत, आणि तो घाबरून भुंकतो. हातातून खाऊ घालून जवळ ओढण्यात नेमकी हीच चूक होते. कित्येकांना चावा बसतो तो याच क्षणी, खाऊ संपल्यावर.

खाऊ त्याच्या मागे टाका. तो तुमच्याकडे बघत असेल तेव्हा तुकडा त्याच्या पाठीमागे दोन-तीन हात लांब फेका. खाण्यासाठी तो वळतो, तुमच्यापासून लांब जातो, अंगातला ताण उतरतो, आणि परत यायचं की नाही ते तो स्वतः ठरवतो. परत आला की पुन्हा मागे टाका. एका बैठकीत असे वीस-पंचवीस तुकडे पुरेत. तुकडा वाटाण्याएवढा हवा. बिस्किटापेक्षा मीठ-मसाल्याशिवाय उकडलेलं बिनहाडाचं चिकन चांगलं. शाकाहारी घर असेल तर पनीर. कांदा-लसूण असलेलं काहीही, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी आहेत, तेव्हा घरातल्या उरल्यासुरल्या खाण्यातून काही उचलून देऊ नका. एवढा खाऊ झाला की त्या दिवशीचं जेवण तेवढं कमी करायला मैत्रिणीला सांगा.

पहिल्या दोन-तीन भेटी घराबाहेर करा. दार ही त्याची सर्वांत अवघड जागा आहे. शांत रस्त्यावर मैत्रिणीने त्याला घेऊन चालावं. तुम्ही त्याच दिशेने, दहा-पंधरा मीटर अंतर ठेवून बाजूने चाला. त्याच्याकडे टक लावून बघू नका, बोलवू नका. तो जमीन हुंगू लागला, अंग झटकलं, तुमच्याकडे बघून सहज मान वळवली, की अंतर दोन-तीन मीटरने कमी करा. पट्टा ताणून तुमच्याकडे एकटक बघू लागला तर पुन्हा लांब जा. वीस मिनिटं चालल्यावर सगळे मिळून घरात शिरा.

हेल्मेट, रेनकोट, पाठीवरची मोठी सॅक खालीच काढा. माणसाचा आकार ओळखीचा दिसला नाही तर निम्मी मेहनत वाया जाते.

आता उभं राहण्याचं. बसलेला माणूस त्याला समजला आहे. अचानक उंच होणारा माणूस समजलेला नाही. म्हणून उठण्याचे तुकडे पाडा. आधी नुसतं पुढे वाका, मैत्रिणीने लगेच खाऊ टाकावा. पाच वेळा. मग हात गुडघ्यांवर टेकवा, खाऊ. मग अर्धवट उठून परत बसा. मग पूर्ण उभे राहा, पण पाऊल उचलू नका. मग एक पाऊल, तेही त्याच्यापासून लांब जाणारं. आधी तुमची हालचाल आणि मगच खाऊ, हा क्रम पाळा. उलट झालं तर तो खाऊ दिसताच सावध व्हायला शिकतो. भुंकला म्हणजे तुम्ही पायरी गाळलीत. एक पायरी मागे या आणि तिथेच त्या दिवशी थांबा.

निघताना विशेष जपा. पाहुणा पाठमोरा झाला की बुजऱ्या कुत्र्याला धीर येतो, आणि बरेच जण पोटरीला तोंड घालतात ते अशा वेळी. तुम्ही उठण्याआधी मैत्रिणीने त्याला पट्टा लावावा किंवा दुसऱ्या खोलीत न्यावं.

प्रश्न : मी नवऱ्याशेजारी सोफ्यावर बसले की आमची लॅब्रॅडॉर मध्ये घुसते आणि माझ्याकडे बघून गुरगुरते. नवरा हसतो, ‘माझी बॉडीगार्ड’ म्हणून तिला थोपटतो. शेपूट हलत असते, म्हणजे खेळतच असेल ना? (नाशिक)

शेपटीवरून एवढा निष्कर्ष काढू नका. सैल, कमरेपासून डुलणारी शेपूट खुशीची. ताठ, वर उचललेली, टोकाला भरभर हलणारी शेपूट उत्तेजित कुत्र्याची असते, आणि ती उत्तेजना कुठेही वळू शकते. बाकीचं शरीर बघा. तोंड एकदम मिटलं का? भूक नसताना नाकावरून जीभ फिरते का? झोप नसताना जांभई? मान दुसरीकडे वळवून डोळे तुमच्यावर, इतके की डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो? या सगळ्या चावण्याच्या आधीच्या सूचना आहेत. सर्वांत गंभीर म्हणजे अचानक थिजणं. हलणारं कुत्रं दगडासारखं स्थिर झालं की हात मागे घ्या.

तुमच्या नवऱ्याने हसणं आणि थोपटणं आजपासून बंद करावं, हे स्पष्टच सांगतो. ती नवऱ्याचं रक्षण करते आहे असं वाटतं. बहुतेक वेळा ती त्याच्या शेजारची जागा राखत असते, जसं एखादं कुत्रं हाडूक राखतं. गुरगुरल्यावर त्याचा हात पाठीवरून फिरतो, म्हणजे तिच्या हिशेबाने काम फत्ते.

मात्र गुरगुरण्याबद्दल रागावूही नका. गुरगुरणं ही तिची शेवटची तोंडी ताकीद आहे. ती मारून-ओरडून बंद केली तर भीती तशीच राहते, फक्त ताकीद जाते, आणि मग ‘काहीच न करता चावली’ अशी तक्रार येते. गुरगुरली की नवऱ्याने न बोलता, न बघता उठून दुसऱ्या खोलीत जावं. भांडणाचं कारणच उठून गेलं. अर्ध्या मिनिटाने परत यावं, आणि या वेळी तुम्ही आधीपेक्षा लांब बसावं.

खरी सुधारणा वेगळ्या सरावाने होते. सोफ्यापासून दोन मीटरवर तिची सतरंजी घाला आणि ‘जागेवर’ शिकवा. सतरंजीवर गेली की खाऊ सतरंजीवरच पडतो. हे पक्कं व्हायला रोज पाच-पाच मिनिटं, आठवडाभर द्या. मग ती सतरंजीवर असताना तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाहून नवऱ्याकडे एक पाऊल टाका, नवऱ्याने खाऊ टाकावा. तुम्ही मागे सरकलात की खाऊ बंद. काही दिवसांत तुमचं येणं म्हणजे चिकन, असा हिशेब तिच्या डोक्यात बसतो. त्यानंतर शेजारी बसणं, मग हातात हात, आणि सर्वांत शेवटी मिठी, तीही आधी सेकंदभराची.

सोफ्यावरून उतरवायचं असेल तर गळपट्टा धरून ओढू नका. मानेकडे येणारा हात हे चाव्याचं नेहमीचं कारण आहे. खाऊ जमिनीवर फेका, ‘खाली’ म्हणा, उतरली की आणखी एक द्या.

प्रश्न : होणाऱ्या नवऱ्याचा नऊ वर्षांचा कुत्रा मला दोन वर्षं ओळखतो. मागच्या आठवड्यात झोपेत असताना मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर हाताला दात लागले, थोडं रक्त आलं. त्याची लस झालेली आहे म्हणून डॉक्टरांकडे गेले नाही. सासरे म्हणतात एकदा चांगला झोडपला की ताळ्यावर येईल. (कोल्हापूर)

हे वाचताच आधी डॉक्टरांकडे जा. आठवडा उलटला तरी जा. कुत्र्याची लस झाली आहे एवढ्यावर निर्णय तुम्ही घ्यायचा नाही, त्याचं लसीकरण पुस्तक बरोबर न्या आणि डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर त्यावर उपाय राहत नाही, म्हणून यात थोडीही जोखीम घ्यायची नसते.

हे सर्वांनीच लक्षात ठेवावं. दात लागला की लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा, घड्याळ लावून. मग आयोडीनचं जंतुनाशक लावा. हळद, तिखट, चुना, तेल लावू नका, घट्ट बांधू नका. त्वचा फाटून रक्त आलं तर लशीबरोबर जखमेत अँटीबॉडीचं इंजेक्शनही लागू शकतं, ते डॉक्टर ठरवतात. दंडात दिली जाणारी लस सहसा पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लशीत चौदावा दिवस नसतो. मधला डोस चुकवू नका. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारून घ्या. कुत्रा चाव्यानंतर दहा दिवस नजरेखाली ठेवतात. या काळात तो आजारी दिसला किंवा वागणं बदललं तर डॉक्टरांना आणि पशुवैद्यांना लगेच कळवा.

आता कुत्रा. दोन वर्षं ओळखणारा नऊ वर्षांचा कुत्रा पाठीला हात लागल्यावर चावतो, तेव्हा पहिला संशय दुखण्याचा. कंबर, मागचे सांधे, कणा, दात, कान हे सगळं पशुवैद्यांकडून तपासून घ्या. ऐकू कमी येतंय का, दिसतंय का, तेही. जिना चढताना थांबतो का, उठताना मागचे पाय ओढतो का, याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, कारण दवाखान्यात घाबरलेला कुत्रा दुखणं लपवतो. माणसाची वेदनाशामक गोळी घरून देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनने कुत्रे दगावतात.

झोडपण्याबद्दल सासऱ्यांना हे उत्तर वाचायला द्या. दुखणाऱ्या पाठीवर काठी बसली तर माणसाचा हात म्हणजे वेदना, हे त्याला कायमचं पटेल. झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, लांबून नावाने हाक मारून उठवायचं, हा नियम घरातल्या सगळ्यांना लागू करा.

पाहुण्यांची वर्दळ किंवा लहान मुलं असतील तेव्हासाठी त्याला जाळीदार मुसकं सवयीचं करा. आत तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे. तोंड आवळणारं कापडी मुसकं आपल्या उन्हाळ्यात धोक्याचं, कारण कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो. पहिले तीन-चार दिवस मुसक्यात दही चोपडून त्याला स्वतः नाक घालू द्या, पट्टी लावू नका. मग पट्टी एक सेकंद, पाच सेकंद, अर्धं मिनिट, असं दोन-तीन आठवडे. घाई करून पहिल्याच दिवशी अडकवलं तर तो ते पंजाने ओढून काढायला शिकेल.

प्रश्न : जोडीदाराच्या कुत्र्याचं जेवण रोज मी घातलं तर त्याला माझी लवकर सवय होईल का? (पणजी)

होईल, पण भांडं ठेवून बाजूला व्हा. खाताना जवळ उभं राहणं, भांड्यात हात घालणं, ‘बघ, मीच देतेय’ म्हणून भांडं उचलून परत ठेवणं, यातून तो अन्न राखायला शिकतो.

प्रश्न : लग्नानंतर नवऱ्याच्या वन बीएचकेमध्ये राहायला आले. त्याचा जर्मन शेफर्ड तो असताना मला सहन करतो. पण नवऱ्याची रात्रपाळी असते आणि तेव्हा कुत्रा बेडरूमच्या दारात आडवा पडतो, मला ओलांडू देत नाही. मला भीती वाटते. (पिंपरी)

भीती वाटते तोवर त्याच्याबरोबर एकटं मोकळं राहू नका. यात कमीपणा काहीच नाही. लहान मुलांसाठी दाराला लावतात तसं उंच जाळीचं फाटक बेडरूमला बसवा आणि नवरा कामावर निघण्याआधी तुम्ही कुठल्या बाजूला, कुत्रा कुठल्या बाजूला हे ठरवून घ्या. स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी तुमच्या बाजूला हवं, त्याचं पाणी त्याच्या बाजूला. शक्य असेल तर नवऱ्याने पहिल्या दोन आठवड्यांत दिवसपाळी मागून घ्यावी. हे काम त्याच्याशिवाय होणार नाही.

दार अडवणारा कुत्रा दिसला तर ओलांडू नका, पायाने सरकवू नका. अरुंद जागेत त्याला पळायला वाट नसते, तुम्हालाही नसते. त्याला उठायला कारण द्या: मूठभर खाऊ हॉलच्या दुसऱ्या टोकाला फेका आणि तो गेला की कडेने, अर्धगोल वळसा घेऊन जा.

दिवसा तुम्ही त्याच्या आवडीच्या गोष्टींची मालकीण व्हा. शेफर्डला काम लागतं. रोज दोनदा दहा मिनिटं तुम्हीच त्याला शिकवा: बस, हाताला नाक लाव, खाऊ शोध. शोधाशोध विशेष उपयोगी. त्याचं रोजचं जेवण मूठभर घेऊन बाल्कनीत किंवा चटईवर विखुरलं तर पंधरा मिनिटं हुंगण्यात जातात आणि हुंगणारा कुत्रा हळूहळू निवतो. फिरायला आधी तिघं जा, पट्टा नवऱ्याकडे. चौथ्या-पाचव्या दिवशी दोन पट्टे लावा, एक तुमच्याकडे. मग फक्त तुमच्याकडे, नवरा शेजारी. एकटीने नेणं सर्वांत शेवटी.

हात लावायची घाई नको. तो आपणहून अंग टेकवेल तेव्हा छातीवर किंवा खांद्याच्या बाजूला तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. पुन्हा टेकला तर आणखी तीन सेकंद. तसाच उभा राहिला किंवा मान वळवली तर एवढंच पुरे. डोक्यावरून हात फिरवणं, वाकून मिठी मारणं हे अजून काही महिने नाही.

दिवाळीचे फटाके, घरात पाहुणे, दवाखान्याची फेरी असं काही घडलं की पुढचे दोन-तीन दिवस नवीन सराव करू नका. ताण साठतो आणि काल चालून गेलेली गोष्ट आज चालत नाही. सहा-आठ आठवड्यांत फरक दिसला नाही किंवा तो अंगावर धावून आला, तर वर्तनाचं काम करणारे पशुवैद्य गाठा. काही कुत्र्यांना औषधाची जोड लागते. चिंतेवरच्या अशा औषधांचा परिणाम दिसायला बहुधा चार ते सहा आठवडे जातात, तेव्हा पहिल्या पंधरवड्यातच ती बंद करू नका. शॉकचा किंवा काट्यांचा गळपट्टा घालून आठवड्यात सरळ करतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्या दुखण्याचा संबंध कुत्रा समोर दिसणाऱ्या माणसाशी लावतो, आणि त्या घरात बहुतेक वेळा समोर तुम्ही असाल.