तिकडे ज्यू उरलेत मूठभर, मग वॉशिंग्टनहून शिष्टमंडळं कशाला जातात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लिथुआनिया, रोमानिया अशा देशांत आता ज्यू जेमतेम काही हजार, कम्युनिस्ट राजवटी जाऊनही तीस-पस्तीस वर्षं झाली, तरी अमेरिकेतल्या ज्यू संघटना आणि तिथलं परराष्ट्र खातं या देशांच्या मागे का लागतात? ही ढवळाढवळ नाही का?

मी शिकायला दोन वर्षं व्हिल्नियसला, म्हणजे लिथुआनियाच्या राजधानीत, होते, म्हणून लिहिते. ढवळाढवळ आहेच, नाही कशी म्हणू? पण "मूठभर उरलेत" हे तुम्ही ज्या कारणासाठी लिहिलंत, नेमकं त्याच्या उलट कारण आहे ते. मूठभर मतांसाठी त्या देशांतला कुठला खासदार घसा कोरडा करणार? म्हणूनच आवाज बाहेरून यावा लागतो.

युद्धापूर्वी लिथुआनियात दोन लाखांच्या वर ज्यू होते. त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक मारले गेले, आणि त्यात नाझींना स्थानिक माणसांचीही साथ होती. मागे राहिलेल्या सिनेगॉगांची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांची, सोव्हिएत काळात गोदामं झाली. थडग्यांचे दगड उपटून शहरातल्या पायऱ्यांना बसवले गेले. 1990 नंतर सरकारने जप्त केलेल्या खाजगी मालमत्ता परत द्यायला सुरुवात केली, पण त्यात एक मेख होती: दावा करायला तुम्ही लिथुआनियाचे नागरिक हवेत. जीव वाचवून जो तेल अवीवला किंवा न्यूयॉर्कला गेला, त्याचं नाव सातबाऱ्यावरून गेलंच, वर दावा लावायची सोयही गेली. (मी अलिबागची. आमच्या इस्रायल आळीतलीही, म्हणजे ज्यूंच्या आळीतलीही, बरीच घरं रिकामी झाली, पण तिथून कुणी कुणाला हाकललं नव्हतं. घर विकून, शेजाऱ्यांचा निरोप घेऊन माणसं गेली. हा फरक मला व्हिल्नियसला गेल्यावर कळला.)

आता हे काम चालतं कसं ते बघा. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि नाक कुठे दाबायचं हे अमेरिकेतल्या ज्यू संघटना शिकल्या 1970 च्या दशकात. सोव्हिएत ज्यूंना देश सोडू दिला जात नव्हता. अर्ज केला की नोकरी जायची. तेव्हा सिनेटर जॅक्सन आणि प्रतिनिधीगृहातले व्हॅनिक यांनी 1974 च्या व्यापार कायद्यात एक कलम घातलं: जो कम्युनिस्ट देश आपल्या नागरिकांना बाहेर जाऊ देणार नाही, त्याला व्यापारात इतरांसारखी सवलत मिळणार नाही. रशियावरून हे कलम उठायला 2012 उजाडलं.

मला यात सगळ्यात विलक्षण वाटतो तो रोमानिया. त्याला 1975 मध्ये सवलत मिळाली, पण ती दरवर्षी नव्याने मिळवावी लागे. मग बुखारेस्टचे मुख्य राबाय (ज्यू धर्मगुरू) मोझेस रोझेन वॉशिंग्टनला जाऊन कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या सरकारसाठी रदबदली करायचे. तेच सरकार तेव्हा इस्रायलकडून माणशी डॉलर मोजून घेऊन ज्यूंना सोडत होतं. रोझेनना काही जण आजही सरकारचा माणूस म्हणतात. मला ते पटत नाही. हातात एकच पत्ता असलेल्या माणसाने तोच वर्षानुवर्षं खेळला, आणि रोमानियातले बहुतेक ज्यू बाहेर पडले.

चाउशेस्कू गेला, पण सवय राहिली. जून 2003 मध्ये रोमानियाच्या सरकारने जाहीर केलं की आमच्या हद्दीत होलोकॉस्ट, म्हणजे ज्यूंचा वंशसंहार, झालाच नाही. हे त्या देशाने म्हणायचं, जिथे 1941 मध्ये याश शहरात काही दिवसांत हजारो ज्यू मारले गेले! पण तेव्हा रोमानिया नाटोच्या उंबरठ्यावर उभा होता. बाहेरून गदारोळ झाला आणि काही महिन्यांत राष्ट्राध्यक्ष इलिएस्कू यांनी आयोग नेमला. अध्यक्ष एली वीझेल, छळछावणीतून वाचलेले लेखक, मूळचे रोमानियातल्याच सिगेतचे. 2004 च्या अहवालात आकडा आला: रोमानियाच्या ताब्यातल्या प्रदेशांत 2 लाख 80 हजार ते 3 लाख 80 हजार ज्यूंचा बळी. सरकारने तो अहवाल मान्य केला.

उंबरठा ओलांडून आत आल्यावर मात्र गरज सरो नि वैद्य मरो. लिथुआनियाही 2004 मध्येच नाटोत आणि युरोपीय संघात आला. ज्यू समाजाच्या सामुदायिक मालमत्तेच्या भरपाईचा कायदा व्हायला 2011 उजाडलं: 12 कोटी 80 लाख लितास (तिथलं तेव्हाचं चलन), दहा वर्षांत मिळून. सुटायचा राहिलेला खाजगी मालमत्तेचा प्रश्न, त्यासाठी आणखी 3.7 कोटी युरोंचा कायदा झाला डिसेंबर 2022 मध्ये. ज्यांचं घर गेलं त्यातले किती जण तोवर हयात असणार, तुम्हीच हिशेब करा. पोलंडने तर खाजगी मालमत्तेसाठी असा सर्वंकष कायदा केलेलाच नाही.

आणि दरवेळी समाजाचं म्हणणं एकच असतं असंही नाही. व्हिल्नियसमध्ये नदीपलीकडे सोव्हिएत काळातला क्रीडा महाल आहे, लाटेसारख्या छपराचा, काचा फुटलेला. तो उभा आहे जुन्या ज्यू दफनभूमीवर. तिथे कॉन्फरन्स सेंटर करायचं ठरलं तेव्हा अमेरिकी लोकप्रतिनिधींनी विरोधाची पत्रं पाठवली, पण लंडनच्या एका राबायी समितीने आधीच सरकारशी समझोता केला होता, आणि खुद्द स्थानिक ज्यूंमध्ये दोन तट होते. 2021 मध्ये सरकारने तो बेत सोडला.

2011 चा कायदा झाला त्या दिवसांत मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे त्या आजी टीव्हीसमोर बटाटे सोलत होत्या. बातमी ऐकून म्हणाल्या, "माझे आईवडील सायबेरियात गेले. आमच्यासाठी कोण आलं वॉशिंग्टनहून?" सोव्हिएत काळातल्या हद्दपारीचं त्यांचं दुःख खरं होतं, मी गप्प बसले. नंतर कधीतरी वाचलं, की सोव्हिएत संघाने 1940 मध्ये लिथुआनिया गिळला ते अमेरिकेने कधीच मान्य केलं नाही. वॉशिंग्टनमधली लिथुआनियाची वकिलात पन्नास वर्षं, देश नकाशावर नसताना, उघडी राहिली. शिकागोच्या लिथुआनियन मंडळींनी तिथे उंबरे झिजवले. त्यांच्यातलेच वाल्दास अडामकुस पुढे परत येऊन राष्ट्राध्यक्ष झाले.

हे मी आजींना एकदा सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ते वेगळं." मग दुसरा बटाटा घेतला.