हेडसेट सहा, विद्यार्थी तीस

प्रश्न : दुसरी संस्कृती समजावी म्हणून विद्यापीठातल्या 30 विद्यार्थ्यांना 6 व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटवर परदेशातल्या एका घरच्या पंगतीचा 360 अंशांचा व्हिडिओ दाखवला, 20 मिनिटांचा. चर्चा ‘भारी होतं’च्या पुढे सरकलीच नाही आणि दोघींना मळमळलं. काय चुकलं?

उत्तर : मळमळीचा उपाय सोपा आहे. डोळ्यांना हालचाल दिसते, आतल्या कानाला जाणवत नाही. त्या भांडणात पोट ढवळतं. चालत्या कॅमेऱ्याचे प्रसंग काढा, व्हिडिओ 8 मिनिटांवर आणा, फिरत्या खुर्चीत बसवून दाखवा. हेडसेटच्या भिंगांमधलं अंतर प्रत्येकाच्या डोळ्यांप्रमाणे जुळवून घ्या. 5 पाळ्या आणि मधली पुसापुशी धरून 50 मिनिटं जातात, म्हणजे चर्चेला वेगळा तास लागेलच.

चर्चा अडली, कारण नुसतं ‘बघा’ म्हटलं की माणूस सहलीला आल्यासारखा बघतो. हेडसेट चढवण्याआधी काम नेमून द्या : आधी कोण बसलं, कुणाला आधी वाढलं, कोण बोलू लागल्यावर बाकीचे गप्प झाले. हेडसेट उतरवल्याबरोबर कागदावर दोन रकाने : ‘दिसलं’ आणि ‘वाटलं’. ‘आजोबा रागावले होते’ हे हमखास पहिल्या रकान्यात येतं. तिथेच थांबवा आणि विचारा, नक्की काय दिसलं? आजोबा खाली बघत होते, उत्तर देत नव्हते, एवढंच. राग आपण घातला. तासाचा अर्धा वेळ या एका वाक्यावर गेला तरी चालेल. मग त्या समाजातल्या कुणाशी तरी व्हिडिओ कॉलवर बोलून पडताळा घ्या. शक्यतो दोघांशी, म्हणजे एक घर म्हणजे अख्खा देश असं होत नाही.

प्रश्न : असा व्हिडिओ आम्हीच केला तर?

उत्तर : जरूर करा, घरच्यांची परवानगी घेऊन. कॅमेऱ्याची उंची मात्र सांभाळा. माणसं जमिनीवर बसलेली आणि कॅमेरा 160 सेंमीवर असेल, तर बघणारा सगळ्यांच्या टाळूकडे बघत राहतो. पाहुणा न होता निरीक्षक होतो. तिथे भिंग 75-80 सेंमीवर हवं. माणसं किमान 1 मीटर लांब बसवा. त्याहून जवळ आली की कॅमेऱ्याच्या दोन भिंगांची चित्रं सांधताना चेहरा मधोमध तुटतो.

प्रश्न : बोलताना किती जवळ उभं राहायचं, हे त्यातून शिकवता येईल?

उत्तर : नाही. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी 1966 मध्ये मांडलेलं हे अंतरांचं शास्त्र मागे सरकण्यातून कळतं. 360 व्हिडिओत मान वळते, पाऊल मागे घेता येत नाही. त्यासाठी चालणं टिपणारा हेडसेट, संगणकावर घडवलेलं दृश्य आणि निदान 2 बाय 2 मीटर मोकळी जागा लागेल.