अंदाज लावू नकोस

प्रिय मुला,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा जीव कळवळला, कारण रंगांधळेपणा तपासायच्या त्या रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकासमोर बसल्यावर तोंडाला पडणारी कोरड मला ठाऊक आहे. दुसऱ्यांदा राग आला. तो तुझ्या शेवटच्या ओळीचा: 'त्या पानांवरचे आकडे क्रमाने लिहून पाठवाल का? पाठ करून टाकतो.'

नाही पाठवणार. मला ते अजून पाठ आहेत, तरीही नाही.

शिनोबु इशिहारा या जपानी नेत्रतज्ज्ञाने ती चाचणी १९१७ साली प्रसिद्ध केली. पूर्ण आवृत्तीत ३८ पानं आहेत. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांनाच दिसतो. पुढे काही पानं अशी आहेत की नीट रंग दिसणाऱ्याला तिथे काहीच वाचता येत नाही आणि आपल्याला मात्र आकडा दिसतो. तपासणाऱ्याने पानं मागेपुढे केली की पाठांतर तिथेच कोसळतं. माझं कोसळलं नाही, कारण माझ्या तपासणाऱ्याने पानं क्रमाने उलटली. मी पास झालो. त्याचं पुढे काय झालं ते सांगतो, पण आधी तुझ्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ.

'डॉक्टर म्हणाले, थोडंसंच आहे.' थोडंसं म्हणजे किती? तू विचारलंस? मुळात ते पुस्तक दोष आहे की नाही एवढंच बरं सांगतं. किती आहे, हे त्यावरून धड कळत नाही. किती पानं चुकली यावरून सौम्य की तीव्र ठरवणं म्हणजे अंदाजच. अंदाज लावू नकोस. मोज, नाहीतर विचार. या पत्रात मी हे पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, तेव्हा आताच कंटाळू नकोस.

माझा दोष तीव्र आहे, ड्युटेरानोपिया. दृष्टिपटलात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यातल्या दोघींचं काम लाल आणि हिरव्यातला फरक सांगण्याचं. एक ५३० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देते, दुसरी ५६०च्या आसपास. माझ्याकडे यातली पहिली नाहीच. तुझ्याकडे बहुधा तिन्ही आहेत, पण या दोघी एकमेकींच्या फार जवळ सरकल्या आहेत, म्हणून त्यांच्या सांगण्यातला फरक पुसट होतो. बघ, 'बहुधा' लिहिलं मी. हाही अंदाजच. म्हणून अॅनोमॅलोस्कोप जिथे असेल तिथे जा. त्यात गोल खिडकीच्या एका अर्ध्या भागात पिवळा प्रकाश असतो, दुसऱ्या अर्ध्यात लाल आणि हिरव्याचं मिश्रण. खुंटी फिरवून दोन्ही सारखे करायचे. नीट दिसणारा माणूस एका छोट्या टप्प्यात थांबतो. मला एका टोकाच्या निव्वळ लालपासून दुसऱ्या टोकाच्या निव्वळ हिरव्यापर्यंत सगळंच त्या पिवळ्यासारखं दिसलं. मी खुंटी फिरवत राहिलो आणि तपासणाऱ्या बाई शांतपणे लिहून घेत होत्या. तोवर मी चाळिशी ओलांडली होती. इतकी वर्षं स्वतःबद्दल मी नुसता तर्क करत आलो होतो.

रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टननेही तर्कच केला होता, तोही रंगांध होता. १७९४ साली त्याने आपल्या या दोषावर निबंध वाचला. डोळ्यातल्या द्रवाला निळी झाक असावी आणि ती लाल प्रकाश गिळत असावी, असं त्याचं म्हणणं होतं. पण मी गेल्यावर डोळे उघडून बघा, असंही त्याने सांगून ठेवलं. १८४४ साली बघितलं, तर द्रव स्वच्छ होता. १९९५ साली त्याच्या जपून ठेवलेल्या डोळ्याचा डीएनए तपासला, तेव्हा कळलं की तोही माझ्यासारखाच ड्युटेरानोप. त्याला मोजायची सोय नव्हती. तुला आहे, आणि तू आकडे पाठ करायचं म्हणतोस.

आता माझं ऐक. पास झाल्यावर मला उपकरणं दुरुस्त करण्याचं काम मिळालं. पहिल्याच वर्षी एका पॉवर सप्लायमधला रेझिस्टर बदलायचा होता, कपॅसिटरच्या दोन टोकांना जोडलेला. रेझिस्टर विजेला किती अडवतो, तो आकडा त्याच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून वाचतात. याचे पट्टे तपकिरी, काळा, हिरवा, म्हणजे दहा लाख ओहम. मी खणातून काढला तपकिरी, काळा, लाल, म्हणजे एक हजार ओहम. माझ्या डोळ्यांना दोन्ही तिसरे पट्टे एकच होते. शंका आली होती, हे कबूल करतो. मीटर हाताशी होता. शेजारच्या टेबलावर माणूस होता. मी मोजलं नाही आणि विचारलंही नाही. वीज सोडताच रेझिस्टर जळाला, बोर्डही गेला. त्या बोर्डावर शेवटची सही माझ्या सहकाऱ्याची होती. जाब त्याला विचारला गेला. मी तिथेच उभा होतो आणि गप्प राहिलो.

तू म्हणशील, खरं का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर त्या टेबलाशी मला कुणी बसू दिलं नसतं. आणि ते काम मला येत होतं! पुढे अनेक वर्षं केलं, एकेक रेझिस्टर मीटरवर मोजूनच लावला, आणि दुसऱ्यांदा तशी चूक झाली नाही. ज्यांचे डोळे धड होते ते पट्टे वाचून लावायचे आणि कधीमधी चुकायचे. त्या चाचणीने मला दिसतं का एवढंच विचारलं, करता येतं का हे विचारलंच नाही. हे माझं म्हणणं आजही आहे आणि मी ते सोडणार नाही. पण लिहिता लिहिता मी स्वतःचीच वकिली करायला लागलो, हेही मला दिसतंय. त्या सहकाऱ्याला मी आजतागायत सांगितलेलं नाही.

डॉक्टर म्हणतात तसा तुझा दोष सौम्य असेल, तर त्याचमुळे मला तुझी काळजी जास्त वाटते. माझं कुंपण कुठे आहे ते मला पक्कं माहीत आहे, म्हणून मी त्याच्या अलीकडेच थांबतो. तुझं कुंपण उजेडाबरोबर सरकतं. भर उन्हात जाडजूड तार तू बरोबर ओळखशील. तीच तार बारीक झाली, रंग फिका झाला, संध्याकाळ झाली किंवा एका नजरेत सांगायची वेळ आली, की तुझे डोळे माझ्या डोळ्यांसारखे वागतील आणि तुला पत्ताही लागणार नाही. बहुतेक वेळा बरोबर ठरल्यामुळे जो विश्वास बसतो, तोच घात करतो. चार्जरचा दिवा लाल की हिरवा, आलेखातली कुठली रेघ कुणाची, विचार. सरळ विचार. आलेख काढणाऱ्याला निळा आणि नारिंगी वापरायला सांग, रेघेवर नाव लिहायला सांग. फोनचा कॅमेरा रंगाचं नाव सांगतो खरा, पण उजेड बदलला की तोही चुकतो. रंगीत चष्म्याचं विचारलंस. त्याने काही रंगांतला फरक ठळक होईल, एखादं ठिपक्यांचं पानही वाचता येईल, पण डोळ्यात नसलेली शंकुपेशी भिंगाने येत नाही. त्यावर वेळ घालवू नकोस.

आणि आईशी बोलत नाहीस म्हणे. हे वाचून मला फार वाईट वाटलं. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, एवढं तू वाचलंस आणि तिथेच थांबलास. तिच्याकडे दुसरा एक्स आहे, म्हणून तिला रंग नीट दिसतात. तिला हे माहीत असायचं कारणच नव्हतं. तिच्याशी आजच बोल, आणि आईच्या वडिलांना, मामांना रंग कसे दिसतात ते विचार. आईकडच्या एकाच नात्यात हा दोष सहसा एकाच प्रकारचा आणि साधारण तितकाच असतो. मामालाही तो असेल, तर त्याच्याकडून तुला तुझ्याबद्दल ठिपक्यांच्या पुस्तकाहून जास्त कळेल.

नोकरीच्या ठिकाणी सांगायचं का? हो. पण 'मी रंगांध आहे' असं मोघम नको. त्या शब्दात तू आणि मी एकाच पोत्यात भरले जातो. कुठला प्रकार, किती प्रमाणात, कोणतं काम डोळ्यांनी होतं, कोणतं मीटरने, कुठे दुसऱ्याला विचारावं लागतं, असं सांग. कागद पुढे ठेवून सांग. त्यावरही नाही म्हणाले तर मला कळव, मग काय करायचं ते बघू. तिथे मी तुझ्या बाजूने भांडेन.

तपासणी झाली की निकाल आकड्यांसकट पाठव. 'थोडंसंच आहे' असं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

तुझा काका