खान्देशात जास्वंद लावताना

भाऊ, आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि जास्वंदीची मुळं त्यात कुजतात. कुंडीत निम्मी माती, बाकी वाळू नि मुरलेलं शेणखत घ्या. पेन्सिलीएवढी जाड फांदी पावसाळ्यात लावा, देशी लाल एकेरीच. तिच्याइतकी काटक दुसरी नाही. मे महिन्यात पारा 45 ला टेकला की कळ्या गळतात. तेव्हा दुपारी सावली द्या, खत अजिबात नको. शेंड्यावर, कळीच्या देठाशी कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कपाशीवरही तोच येतो, म्हणून आपल्याकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग संध्याकाळी निंबोळी तेल नि साबणाचं पाणी, पानांच्या खालून. फुलं नव्या फुटीवरच येतात, छाटायला बिचकू नका. गणपतीला वाहून उरलेली फुलं खोबरेलात उकळा, केसांना लावा.