टेंडर म्हणजे फक्त निविदा नव्हे

उदगीरच्या ताई, इंग्रजी शब्दकोड्यातला क्लू ‘सॉफ्ट ऑफर’, अक्षरं सहा. तुम्हाला ‘टेंडर’ सुचलंय, पण कोशात ‘निविदा’ एवढाच अर्थ सापडतो आणि ‘सॉफ्ट’ कुठे बसेना म्हणून तुम्ही अडलात. परभणीत मीही अगदी याच जागी अडायचो.

उत्तर बरोबर आहे. हा दुहेरी अर्थाचा क्लू आहे. ‘सॉफ्ट’ हा एक अर्थ, ‘ऑफर’ हा दुसरा. दोन्ही मिळून वाचायचेच नाहीत. कोवळं, नाजूक या अर्थाचा टेंडर लॅटिन ‘टेनेर’वरून आला, देऊ करणे या अर्थाचा ‘टेंडेरे’, म्हणजे ताणणे, पुढे करणे, यावरून. मूळ वेगळं, म्हणून मोठ्या कोशात त्यांच्या नोंदीही वेगळ्या असतात, डोक्यावर १, २, ३ असे बारीक आकडे घातलेल्या. पहिली नोंद वाचून कोश मिटू नका. दुहेरी क्लू रचणारे बहुधा दोन वेगळ्या नोंदींतूनच अर्थ उचलतात.

तिसरी नोंदही आहे: वाफेच्या इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा. पूर्णा जंक्शनला माझे मामा फायरमन होते, त्यांना हा अर्थ कोशाशिवाय ठाऊक होता. उद्या ‘कोल कॅरियर’ असा क्लू आला तर तोही सुटेल.

मला सगळ्यात महाग पडलं ते एक वाचनालय. नाव घेत नाही. जाडजूड इंग्रजी कोश काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली ज्यांच्याकडे ते नेहमी ‘बाहेर गेलेत’. संदर्भग्रंथ घरी देत नाहीत हे मान्य, पण तिथेच बसून एक पान बघू द्यायला काय हरकत होती? अर्ज आणा, मग सचिवांची सही आणा. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं, ते वाचकांसाठीच ना? त्या काळात खिशातल्या छोट्या कोशावरच भागवावं लागलं, आणि त्यात प्रत्येक शब्दाला एकच अर्थ. कितीतरी कोडी त्यापायी अर्धी सोडली. अजून राग येतो.

मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही, हे सगळं सरावातून आलेलं मत समजा. पण अक्षरसंख्या टाकली की उत्तर देणाऱ्या साइट टाळाच. उत्तर मिळतं, ते का बरोबर हे कळत नाही. जुना का होईना, चेंबर्सचा कोश मिळाला तर घ्या. इंग्लंडात कोडी रचणारे त्यालाच जास्त मानतात. मोल्सवर्थचा कोश इथे कामाचा नाही, तो मराठीतून इंग्रजीत जातो.

आणखी एक: ‘रेंटेड’ची अक्षरं उलटसुलट केली तरी टेंडरच होतं. क्लूमध्ये ‘रेंटेड’च्या शेजारी ‘ब्रोकन’, ‘आउट’ असं काही दिसलं तर ती अक्षरं मोडून पुन्हा जुळवायची खूण समजा, आणि तिकडे बघा.

तुमच्या कोड्यात चौथ्या घरातून उभा शब्द जात असेल तर तिथे ‘डी’ येतो का, तेवढं ताडून घ्या.