क्लेफ्टच्या (जन्मतः ओठ-टाळू फाटलेल्या) मुलाला हाड भरायच्या आधी क्लिप कशाला?

ताई, मुलगा ९ वर्षांचा आहे आणि डॉक्टर आधी क्लिप मग हिरडीच्या फटीत हाड म्हणतायत, तर बरोबरच सांगतायत, घाबरू नका. ओठ-टाळू लहानपणी शिवलेला असतो त्यामुळं वरचा जबडा आत दबतो, तो आधी क्लिपनं, म्हणजे दातांवर बसवलेल्या चावीच्या यंत्रानं, रुंद केला की फटीपर्यंत नीट हात पोचतो आणि हाड व्यवस्थित भरता येतं. आमच्या पोराला रोज रात्री चावी फिरवायचो, "पप्पा नाक ओढल्यागत होतंय" म्हणायचा.

वयापेक्षा एक्स-रे बघतात. सुळ्याचं मूळ साधारण अर्धं ते दोन तृतीयांश तयार झालं की टाइम आला, बहुतेक ८ ते ११ मध्ये, कारण सुळा त्या नव्या हाडातनंच खाली यायला पाहिजे. ही पद्धत नवी नाही, बॉइन आणि सँड्स यांनी १९७२ मध्येच मांडली, आणि १९८६ साली ऑस्लोच्या बर्गलँड यांच्या टीमनं किती उंचीपर्यंत हाड टिकलं याच्या ग्रेड ठरवल्या, त्या अजून वापरतात. आता सीबीसीटीत (थ्रीडी एक्स-रेत) हाडाची जाडीपण दिसते.

हाड कमरेतनं काढतात. खरं सांगू, तोंडापेक्षा कंबरच जास्त दुखली त्याची, आठवडाभर लंगडत होता, आणि रविवारी घरात तांबडा रस्सा झालेला नि ह्याला मऊ भात, लय चिडला. टाके सुटेपर्यंत ब्रशिंगचं मात्र मनावर घ्या, इन्फेक्शन झालं तर भरलेलं हाड जातं.