वासोट्याला निघण्याआधी गोचिडीबद्दल

बामणोलीहून वासोट्याच्या जंगलातल्या किल्ल्यावर पहिल्यांदाच निघालायस, म्हणून सांगतो. आपल्याकडे गोचीड म्हणजे गाई-म्हशींचं दुखणं, असंच सगळे धरून चालतात. पण सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडताप हा विषाणूचा ताप पसरलाय, तो गोचिडीच्या चाव्यातूनच. म्हणून घाबरून बेत मोडू नकोस, फक्त फुल पँट मोज्यात खोचून घाल आणि पालापाचोळ्यावर बसू नकोस.

परतल्यावर काख, जांघ, कानामागे नीट बघ. चिकटलेली सापडली तर रॉकेल, तेल, काडीचा चटका काही नको! बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढ. नखानं चिरडायची सवय तर अगदी सोड, मला ती फार खटकते. पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आधी सांग.